जात्यावरची दुर्बीण

वलगावात कोणाच्या बोलण्याला काय भाव द्यायचा, हे ठरलेलं आहे. देवराव बोलला की निम्मं खरं धरायचं, कारण उरलेलं निम्मं त्यानं दुसऱ्याकडून ऐकलेलं असतं. बंडू बोलला तर सगळं खरं. पण बंडू बोलतो कधी? आणि बंडूचे बाबा, खुशालराव, बोलले की आधी उफणून घ्यायचं. भुसा उडून गेला, की खाली उरेल ते आपलं.

आखाड सरता सरता हे खुशालराव स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर बसून म्हणाले, "आमची सून तारा कशाचा बनला हाय, थे सांगनार हाय. त्याच्यासाठी दुर्बीन घरीच बनून राहिली." लोकांनी रिवाजाप्रमाणे उफणलं आणि खाली काहीच उरलं नाही.

"खुशालभाऊ," देवराव म्हणाला, "तारा मंग पाहू. तुमचं सोयाबीन काहून पिवळं पडून राहिलं, थे आदी सांगा म्हना सूनबाईले."

टपरी हसली. सोयाबीन सगळ्यांचंच पिवळं पडलं होतं, देवरावचं तर जास्तच; पण ज्याची सून दुर्बीण करते त्याचंच पीक हसायला बरं असतं. खुशालरावांनी कप खाली ठेवला, धोतराचा सोगा झटकला आणि उठता उठता एक वाक्य सोडलं, ते पुढं संक्रांतीपर्यंत त्यांच्या मानेवर बसून राहिलं.

"संक्रांतीले या सारे जन. आंगनात उभी करून दाखोतो."

रागिणी त्यांची सून, बंडूची बायको. माहेर बाळापूरचं. फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून ती या घरात आली आणि अमरावतीच्या एका कॉलेजात तासावर शिकवू लागली. तासावर म्हणजे खुर्ची कॉलेजची आणि बूड आपलं. घंटा झाली की दोघांनी वेगळं व्हायचं. तिला पीएच.डी. करायची होती आणि विषयही तिनंच काढला होता: खेड्यातल्या शाळेला जमेल अशी स्वस्त दुर्बीण; नुसते तारे बघायची नव्हे, ताऱ्याचा वर्णपट तपासायची. विभागप्रमुख चिंतामण सरांनी तिचा कागद वाचला, चष्मा काढला आणि टेबलावरच्या पेपरवेटशी बोलावं तसं ते म्हणाले,

"कागदावर सगळ्यांच्याच दुर्बिणी चालतात. मला तुमच्या दुर्बिणीतून, माझ्या डोळ्यांनी, एका तरी ताऱ्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेघा दिसल्या पाहिजेत. जानेवारीअखेर मी रिटायर होतो. त्याआधी दिसल्या, तर तुम्ही माझ्या शेवटच्या विद्यार्थिनी. नाही दिसल्या, तर या विभागात हा विषय घेणारं दुसरं कोणी नाही, हे तुम्हालाही माहीत आहे."

रात्रीच्या जेवणाला तिनं हे घरात सांगितलं. बंडूनं मान हलवली. सासूनं, मनकर्णाबाईनं, तिच्या ताटात भाकरीचा चतकोर वाढला. त्या घरात ठराव असेच मंजूर होतात. खुशालरावांना मात्र मुळापासून पाहिजे होतं.

"रेघा कायच्या?"

"ताऱ्याचा उजेड इंद्रधनुष्यासारखा फाकवाचा, बाबा. त्या रंगाच्या पट्ट्यात मधात मधात काळ्या रेघा राहतात. कोन्ती रेघ कुठं हाय, त्याच्यावरून तारा कशाचा हाय थे समजते."

"म्हन्जे अडत्या पोत्यात नळी खुपसून मूठभर दाने काढते, तसं."

"तसंच. पन पोत्यापाशी न जाता."

'पोत्यापाशी न जाता' हे तिचे शब्द खुशालरावांना इतके आवडले, की दुसऱ्या दिवशी टपरीवर ते त्यांचे स्वतःचे झाले होते.

काच आणायला सासरा-सून अमरावतीला गेले. थाळीएवढ्या दोन जाड गोल काचा कापून पाहिजेत म्हटल्यावर दुकानदारानं विचारलं, "टी-पॉय आहे का काकाजी?"

"नाई. आरसा कराचा हाय."

"आरसे तयार आहेत की. ते काय टांगलेत."

"थो तोंड पाहाचा. आमाले तारा पाहाचा हाय."

काचा कागदात गुंडाळताना दुकानदारानं नोकराकडं बघून डोळा मारला. खुशालरावांनी तो पाहिला. परतीच्या बसमध्ये दोन्ही काचा मांडीवर घेऊन, कंडक्टरशीसुद्धा न बोलता ते वलगावपर्यंत आले. खुशालराव न बोलता इतकं अंतर आले, ही बातमी गावात काचांच्या आधी पोचली.

गोठ्याच्या कोपऱ्यात मातीनं भरलेलं लोखंडी टिपाड उभं केलं. त्यावर एक काच पक्की बसवली, काचेवर कुरुंदाच्या दगडाची ओली भुकटी, आणि तिच्यावर दुसरी काच. वरची काच दोन्ही हातांनी पुढं ढकलायची, मागं ओढायची, जराशी फिरवायची आणि आपण टिपाडाभोवती एक पाऊल सरकायचं. असं करत गेलं की वरची काच मधून खोलगट होत जाते. यात जादू काही नाही. कंबर लागते.

पाऊस लागून राहिला होता. बंडू सकाळी पाठीवर पंप घेऊन सोयाबीनच्या पिवळ्या ओळींतून फवारत जाई, दुपारी विहिरीवर अंग घासून येई आणि ओल्या केसांनीच टिपाडाला लागे. त्याचे तळवे औषधानं सोललेले. काच ढकलताना तो ओठ दाबून धरी, पण थांब म्हणत नसे. कॉलेजातून आली की रागिणी. आणि मधल्या सगळ्या वेळात खुशालराव. टिपाडाभोवती त्यांच्या पावलांची गोल वाट पडली, शेण-मातीत चांगली बोटभर खोल.

देवरावचं घर भिंतीला भिंत लागून. तो गोठ्याच्या दारात छत्री टेकून उभा राही.

"खुशालभाऊ, तेलघान्याचा बैल दिसून राहिले बुवा तुमी."

"बैल तं बैल. घान्यातून तेल निंघते. तुह्या तोंडातून काय निंघते थे सांग."

भुकटीच्या जाडीच्या पायऱ्या होत्या. आधी रव्यासारखी, मग पिठासारखी, मग पावडरीसारखी. एक पायरी संपली की दुसरीच्या आधी रागिणी सगळ्यांचा अंत पाहायची. टिपाड धुवा, भुई सारवा, हात कोपरापर्यंत धुवा, नखं काढा, अंगावरचे कपडे बदला.

"जाड भुकटीचा एक कण बी राह्यला," ती सांगे, "तं काचेवर ओरखडा. मंग पुन्हा पयल्यापासून."

हे बोलणं बाप-लेकांना जाच वाटलं. मनकर्णाबाईला नाही. त्या बाईचा सगळा जन्म सारवण्यात, चाळण्यात, घासण्यात गेलेला. देवघरातले पितळी देव आणि स्वयंपाकघरातला पाण्याचा पितळी गुंड ज्यांच्या घरात सारखेच चमकतात, अशा फार थोड्या बायका वलगावात आहेत, आणि त्यांची नावं मनकर्णाबाईला पाठ होती. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी शिकलेलं माणूस सांगत होतं, की सगळं स्वच्छतेवर आहे. त्यांनी ते सोवळं उचललं ते असं उचललं, की रागिणीसुद्धा मागं पडली.

"तिकडंच उभे राहा!" एकदा त्यांनी नवऱ्याला गोठ्याच्या उंबऱ्यावरच अडवलं. "कालचं धोतर हाय थे."

"अवं, धुतलं हाय."

"झटकलं हाय. धुतलं नाई. मले नोका शिकवू."

खुशालराव धोतर बदलायला गेले. रागिणी काचेवर ओणवी होऊन हसत राहिली, आणि मनकर्णाबाईनं ते हसणं पावतीसारखं जपून ठेवलं.

दसऱ्याच्या सुमारास घासणं संपून झळाळी देणं सुरू झालं. त्यासाठी राळ वितळवावी लागली आणि त्यात मनकर्णाबाईची एक कढई कामी आली. ती पुन्हा फोडणीच्या लायकीची झाली नाही. सोयाबीन घरात आलं ते मागल्या सालच्या निम्म्यानं. देवरावनं टपरीवर त्याचा मेळ दुर्बिणीशी घातला. बंडू तिथंच बसला होता. त्यानं चहा संपवला आणि उठून गेला.

मग एका दुपारी माजघराची दारं-खिडक्या गोधड्यांनी बुजवून रागिणीनं काच भिंतीशी उभी केली. समोर डब्यात दिवा, डब्याला सुईचं भोक, आणि हातात दाढीचं ब्लेड. काचेवर अजून कसलाच मुलामा नव्हता, नुसती काच. तरी त्या भोकाचा उजेड तिच्यावरून परतून टाचणीच्या टोकाएवढा गोळा होई. तो ठिपका ब्लेडनं कापत कापत ती काचेवरची सावली बघत राही. कुठं उंचवटा, कुठं खळगा, ते सावली सांगे. कितीतरी दुपारी अशा गेल्या. शेवटी एकदा तिनं खुशालरावांना बोलावलं. "पाहा बाबा, कशी दिसते?"

"सारवल्यासारखी दिसते. एकसारखी."

रागिणी भुईवर पाठ टेकून आडवी झाली. डोळे मिटून म्हणाली, "झालं. घडली."

पाणीपुरवठ्याच्या कामातून उरलेला, एका कडेला चिरलेला रुंद पाईप कंत्राटदाराकडून मागून आणला होता. ती नळी झाली. आता नळी चोहीकडं फिरवायला बैठक पाहिजे होती. बंडूनं फळ्यांची पेटी ठोकली, पण जमिनीवर ती फिरवली की थरथरायची. रागिणी अंगणात इकडं-तिकडं बघत उभी होती. तिची नजर विहिरीजवळच्या जात्यावर गेली आणि तिनं ती लगेच काढून घेतली. जातं मनकर्णाबाईच्या माहेरचं. गिरणी आल्यापासून त्यावर कोणी दळलं नव्हतं, पण संक्रांतीला त्याला कुंकू चुकत नव्हतं.

मनकर्णाबाईनं नजर जाताना पाहिली, येतानाही पाहिली.

"फिरते लय गुळगुळीत," त्या पाण्याची कळशी कमरेवर घेत म्हणाल्या. "एवढं पायली पायलीनं दळलं त्याच्यावर. पन वरच्या दगडाले खिळे नोका ठोकजा. खुट्याचं भोक हाय, त्याच्यातूनच बोल्ट घाल म्हनावं बंड्याले."

असं जातं अंगणाच्या मधोमध आलं. दोन्ही दगडांच्या मध्ये कॅरमची पावडर. नळीला बोट लावलं तरी ती आभाळभर फिरे, आणि खालून दळल्यासारखा घर्रर्र आवाज येई.

आरसा नागपूरला ॲल्युमिनियमचा मुलामा चढवायला गेला आणि संक्रांतीनंतर, चिंतामण सर यायच्या आदल्या संध्याकाळी परत आला. रागिणीनं त्याची पेटी उघडून दिव्यात पाहिलं. चांदीच्या थाळीसारखा. घरातल्या चौघांची तोंडं त्यात उलटी दिसली. तिनं पेटी बंद करून फडताळावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ आलं. तूर कापून वावरात पडलेली. बंडू आणि खुशालराव ताडपत्री घेऊन पळाले; ते दोघं वर बघत होते ते तुरीसाठीही आणि ताऱ्यासाठीही, आणि कोणासाठी जास्त, हे एकमेकांना विचारत नव्हते. रागिणी कॉलेजात. घरात मनकर्णाबाई एकट्या, आणि संध्याकाळी हळदी-कुंकू. शिवाय अमरावतीचे सर आणि त्यांच्या बाई.

पुढं जे झालं त्यात वाईट हेतूचा कणही नव्हता.

घरात नवं अवजार आलं, की त्याला हळदी-कुंकू लावल्याशिवाय वापरायचं नाही. डवरा असो, पंप असो. मनकर्णाबाईनं पेटी उघडली आणि आरशाला एक बोट हळदीचं, एक कुंकवाचं लावलं. नमस्कार केला. मग त्यांना वाटलं, डाग दिसेल. पदरानं पुसलं, तर फराटा उठला. 'एक कण बी राह्यला तं पुन्हा पयल्यापासून.' त्यांनी चुलीतली राख वस्त्रगाळ केली, ओली केली आणि देव घासतात तशी दोन बोटांनी हळूहळू फिरवायला लागल्या. राखेतून करडं-काळं निघू लागलं. एवढं कीट! नागपूरवाल्यांनी धुतलासुद्धा नव्हता! त्यांनी पदर खोचला. काळं निघायचं थांबेपर्यंत घासलं, धुतलं, मऊ लुगड्यानं टिपलं आणि आरसा देवघरासमोर पाटावर उभा केला.

दुपारी रागिणी दारात चपला काढत होती, तेव्हाच त्यांनी हाक मारली.

"रागिणी, पाय व! कसा केला! आरपार दिसून राहिलं!"

खरंच आरपार दिसत होतं. आरशातून मागचा गणपती दिसत होता.

एक चप्पल पायात तशीच ठेवून रागिणी उंबऱ्यावर बसली. तिच्या चेहऱ्याकडं बघता बघता मनकर्णाबाईला समजत गेलं. काय बिघडलं, ते नव्हे; किती बिघडलं, ते.

"कीट नव्हतं थे?" त्यांनी विचारलं.

वावरातून परतलेल्या बंडूनं ऐकलं आणि वर्षाकाठी बोलायचं ते सगळं एका दमात बोलला. "काय केलं व माय हे! कोनं सांगतलं होतं तुले? सहा महिने हात सोलले आमचे! जिथं तिथं तुही राख!" मनकर्णाबाई उठल्या, गोठ्यात गेल्या आणि टिपाडाला पाठ लावून बसल्या. घरात एवढा आवाज चढवून बोलायची रीत नव्हती, त्यामुळं नंतर शांत कसं बसायचं, हेही कोणाला येत नव्हतं.

खुशालरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली. सगळ्या गावाला संक्रांतीऐवजी आजच्या हळदी-कुंकवाचं आवतण होतं.

"फोन करून दे सरले," ते म्हणाले. "तब्येत बिघडली म्हन."

"कोनाची, बाबा?"

"माही सांग. थोडी बिघडली बी हाय."

रागिणीनं काच उचलून मांडीवर घेतली. काय बघत होती कोण जाणे. बहुतेक काहीच नाही. उघड्या दाराचा उजेड काचेवर पडला होता, आणि त्यात दाराची चौकट दिसत होती. उलटी, पाण्यावर पडावी तशी फिकी. पण कडा ब्लेडसारखी. तिनं काच जरा कलती केली. चौकट कुठंही वाकली नाही.

"घडन गेली नाई," ती म्हणाली.

"काय?"

"मुलामा गेला, घडन तशीच हाय. माजघरात आपन तपासली तवा तरी कुठं होता मुलामा?" ती उठून उभी राहिली. "उजेड लय कमी येईन. शंभरातले चार-पाच हिस्से. बाकीच्या ताऱ्यांचं जाऊ द्या. पन व्याध हाय."

"थो तिकांड्याच्या तीन चांदन्यांच्या खालचा? मोठा?"

"थोच. त्याच्याइतका तेजाचा दुसरा नाई."

खुशालरावांनी आभाळाकडं पाहिलं. पश्चिमेला ढगांची दाट गोधडी, पूर्वेला मात्र ती उसवत चाललेली.

रागिणी गोठ्यात गेली. "आई, काजळ पायजे. लय."

मनकर्णाबाईनं वर पाहिलं नाही. "काहून?"

"काचेची मागची बाजू काळी कराची हाय. तिकडून उजेड परत नाई आला पायजे."

"मी हात नाई लावत आता कायले."

"तुमीच लावाचा. तुमच्यासारखा साफ हात घरात दुसऱ्याचा नाई."

थोड्या वेळानं गोठ्यातून तवा खरवडल्याचा आवाज आला. तव्याची काळी मस, दिव्याचं काजळ, एरंडेल. मनकर्णाबाईनं काचेची पाठ अशी काळी केली, की तीत अमावस्या बघून घ्यावी. पुढच्या बाजूला बोटाचा ठसा उमटू दिला नाही. श्वासही तोंड फिरवून घेतला.

अंधार पडताना चिंतामण सरांची गाडी आली, सोबत त्यांच्या पत्नी कुंदाबाई. अंगणात तोवर बायका, माणसं, देवराव, देवरावची बायको गंगूबाई, टपरीवाला, सगळे हजर. हसायला आलेल्या माणसाला जागा पुढची लागते. देवराव जात्याला चिकटून उभा होता.

सरांनी नळीत टॉर्च मारला आणि वाकून बघितलं. "मुलामा?"

खुशालराव पुढं झाले. "सर, थे असं हाय, का ही नवीन तऱ्हा..."

"आज दुपारी निघाला, सर," रागिणी म्हणाली. "घरात घासला गेला. नुसती काच आहे."

"घासला नाई गेला," मागून आवाज आला. हळदी-कुंकवाची थाळी हातात घेऊन मनकर्णाबाई उभ्या होत्या. "म्या घासला. राखेनं. मले वाटलं कीट हाय."

देवरावनं तोंड उघडलं आणि गंगूबाईनं त्याला कोपर मारलं.

सरांनी टॉर्च बंद केला. "ओल्या राखेनं ॲल्युमिनियम निघतं खरं. पण नुसती काच फार तर चार-पाच टक्के उजेड परत देते, रागिणी. तुम्ही पुन्हा मुलामा द्याल तेव्हा मी... पण तेव्हा मी नसेन." त्यांनी घड्याळाकडं पाहिलं. ते त्यांनी वाईट मनानं केलं नाही. पण सगळ्यांनी पाहिलं.

"व्याध लावते, सर," रागिणी म्हणाली. "त्याचं चारात भागतं."

"चारात तं आमचं बी भागत नाई," देवराव पुटपुटला, आणि अंगण जरा सैल झालं.

पूर्वेला अमरावतीचा पिवळट उजेड पसरला होता. त्याच्या वर, निंबाच्या शेंड्याला लागून, व्याध लखलखत होता. रागिणीनं नळी ढकलली. जातं घर्रर्र बोललं. तिनं डोळा लावला, पुढं-मागं केलं. मग डोळ्याच्या भिंगावर वर्णपट फाकवणारी जाळी बसवली आणि तिच्यावर काचेची बारीक कांडी, तो दोऱ्यासारखा रंग रुंद करायला. पदराचं टोक तिनं दातात धरलं होतं. बंडू नळीला वारा लागू नये म्हणून अंगावरची शाल दोन्ही हातांनी पसरून उभा राहिला.

"सर," ती म्हणाली.

सर दुधाच्या उपड्या कॅनवर बसले. गुडघे कुरकुरले. डोळा लावला. भिंग जरा पुढं-मागं केलं. मग ते हळूच म्हणाले, "निळ्या-हिरव्यात एक."

रागिणी हलली नाही.

"जांभळ्यात दुसरी. ठळक." ते कॅनवर पुढं सरकले. "त्याच्याही पलीकडं... थांबा, तारा सरकला. बोट लावा जरा." घर्रर्र. "आहे. तिसरीही आहे! कुंदा, इकडं ये. हायड्रोजन बघ."

"दूध उतू गेलेलं यांना घरात दिसत नाही," कुंदाबाई मनकर्णाबाईला म्हणाल्या, "आणि इथं हायड्रोजन दिसतो." पण त्या गेल्या, वाकल्या, आणि वाकलेल्याच राहिल्या.

सर उठले. रुमालानं चष्मा पुसत रागिणीसमोर उभे राहिले. "मुलामा चढवून घ्या. पण आजची नोंद आधी करा, आणि पहिलं प्रकरण हेच लिहा. ज्या शाळेला मुलामासुद्धा जमणार नाही, तिला काय दिसेल, हे मोजून दाखवायचं माझ्याही मनात आलं नव्हतं." मग इकडंतिकडं बघत, "तुमची फाइल कुठं आहे? उद्यापर्यंत कशाला थांबायचं?"

फाइल आणायला बंडू धावला. त्याला धावताना पाहून लोकांना कळलं, की काम झालं.

मग रांग लागली. देवरावनं डोळा लावला तेव्हा खुशालराव शेजारीच उभे होते. त्यांच्या तोंडात अर्धं वर्ष साठवलेलं बोलणं होतं, सगळ्या गावाला पुरेल एवढं. देवराव सरळ झाला. खुशालरावांनी त्याच्याकडं पाहिलं आणि इतकंच विचारलं, "दिसलं?"

"दिसलं, भाऊ."

खुशालरावांनी पुढच्या माणसाला वाट करून दिली. त्या संध्याकाळी उफणायला भुसाच नव्हता.

गंगूबाईची पाळी आली. तिनं एक डोळा हातानं झाकला, दुसरा लावला. "अवं माय! रंग तं लय सुंदर हायेत व." मग जरा थांबून, "पन मधात मळ राह्यला वाटते. काळ्या काळ्या रेघा दिसून राहिल्या. फडकं आन बरं, मी पुसून..."

मनकर्णाबाईनं तिचा हात हवेतच धरला.

"मळ नोहे थो, गंगूबाई. थ्या रेघा पाहाले सर अमरावतीहून आले. हात नोको लावू. नीट पाय, घाई नोको करू."

मग थाळी कुंदाबाईच्या हातात देऊन त्यांनी पदर कमरेला खोचला, आपल्या जात्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि रांगेतल्या पुढच्या बाईला म्हणाल्या,

"तू आदी हात धुऊन ये."